राखीच्या ताटातलं पासबुक

मी बायकांना पैसे सांभाळायला शिकवते. बचत गटांच्या बैठका असतात, त्यात माझा तासभर ठरलेला असतो. घरात किती येतं, किती जातं, उरलेलं कुठं ठेवायचं, कुठं मुळीच ठेवायचं नाही. बायका मला मॅडम म्हणतात, चहा पाजतात. एखादी म्हातारी तोंडावरून हात फिरवून म्हणते, "लई पुण्याचं काम करतीस गं बाई." मी हसून मान हलवते. पुण्याशी माझा काही संबंध नाही. एका माणसावर सूड उगवायचा म्हणून मी हे सुरू केलं आणि अजूनही त्याच कारणासाठी करते. त्यातून कुणाचं भलं होत असेल तर होऊ दे, माझी हरकत नाही.

तो माणूस माझा मामा. सख्खा नव्हे, आईच्या माहेरगावचा. आमच्याकडं माहेरच्या गावातला प्रत्येक पुरुष बाईला भाऊ लागतो आणि तिच्या लेकरांना मामा. सासरच्या माणसांसमोर आई डोक्यावरून पदर ओढून खालमानेनं चालायची. नेकनूरच्या बाजारात माहेरचा कुणी दिसला, की हीच बाई मोठ्यानं हाक मारायची, हसायची, चार लोकांत उभी राहून गप्पा हाणायची. या एका नात्यावर तिचा जेवढा विश्वास होता, तेवढा देवावरही नसावा. देवाला ती अधूनमधून शिव्या द्यायची. माहेरच्या माणसाबद्दल वावगा शब्द काढला, तर मात्र आमचं जेवण बंद व्हायचं.

आई-आबा ऊस तोडायला जायचे. ऊसतोडीत लोक दोन प्रकारचे. एक गाडीवाले, दुसरे डोकीवाले. ज्याच्याकडं बैलजोडी असते, तो कारखान्याची टायरगाडी जुंपतो, तोडलेला ऊस गाडीत भरून कारखान्यावर नेतो. त्याला तोडणीचे पैसे मिळतात आणि वाहतुकीचे वेगळे. बैलांना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट. ज्याच्याकडं बैल नाहीत, तो डोकीवर. त्यानं ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढत जाऊन वर टाकायची. मग उतरायचं, पुढची मोळी. बाई असली तरी तेच, पोटुशी असली तरी तेच.

आई गाडीवाली होती. हे ती अशा तोऱ्यात सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं हिच्या दारात हत्ती झुलतोय. बैलजोडी आबांच्या नावावर असली तरी निवड तिची होती, दावं तिच्या हातात असायचं आणि बैल ऐकायचेही तिचंच. आबा गरीब माणूस, बैलांसारखेच तेही तिचंच ऐकायचे.

मग तो दुष्काळ आला. विहिरी खडखडीत झाल्या, टँकरमागं भांडणं सुरू झाली, कडब्याची पेंढी सोन्याच्या भावानं जायला लागली. लोक जनावरं छावणीत नेऊन बांधायला लागले. आई छावणी बघून आली आणि आबांना म्हणाली, "तितं बैल जगत्याल, पर हाडं ऱ्हात्याल नुसती. आन् तुमी तितं बसला तर पोटाचं काय? अंगावर मांस हाय तवर इकून टाकू. पाऊस पडला की नवी जोडी घेऊ."

आजही मी बैठकीत हा निर्णय सांगते. वस्तूची किंमत आहे तोवर ती विकून पैसा मोकळा करायचा आणि वेळ आली की पुन्हा घ्यायची, हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. बैल गेले त्या दिवशी तिनं तोंडात घास घेतला नाही, पण पैसे कमरेला बांधून ती बाजारातून सरळ घरी आली आणि वाटेत कुणाला कळूही दिलं नाही. इथवर तिचं सगळं बरोबर होतं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढं जे झालं त्यावर शहाणी माणसं सर्रास म्हणतात की खेड्यातल्या बायकांना पैशातलं कळत नाही.

मामाला मात्र पैशातलं चांगलंच कळत होतं. त्याची पतसंस्था होती, तो तिचा चेअरमन. हायवेला लागून काचेचं दार असलेलं ऑफिस, आत पंखे, भिंतीवर पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. दुष्काळात लोकांच्या घरात काय असतं, याचा विचार आमच्या भागात बहुधा त्यानं एकट्यानं केला असेल. पाणी नसतं, चारा नसतो, धान्य नसतं. पण विकलेल्या जनावरांचे पैसे असतात. घराघरात, डब्यात, उतरंडीत, कमरेला, वाट बघत पडलेले. पाऊस येईस्तोवर त्यांना काही काम नाही. त्या पैशावर याचा डोळा गेला.

राखीपौर्णिमेला त्यानं गावोगाव जीपा पाठवल्या. माहेरच्या गावानं लेकींना बोलावलंय, चेअरमन सगळ्यांचा भाऊ म्हणून राखी बांधून घेणार आहेत. नेकनूरकडं, चौसाळ्याकडं, पार नांदूरघाटपर्यंत दिलेल्या त्या गावच्या लेकी जीपांत दाटीवाटीनं बसून देवळाच्या सभामंडपात आल्या. मीही आईबरोबर होते. बारावी झाली होती, पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं. मामा फेटा बांधून खुर्चीत बसला होता. एकेक बाई पुढं व्हायची, कुंकू लावायची, राखी बांधायची, ओवाळायची. आणि तो तिच्या ताटात ओवाळणी म्हणून पासबुक ठेवायचा. तिच्या नावाचं, तिच्या नावानं एकशे एक रुपये आधीच जमा केलेलं.

हातात स्वतःच्या नावाचं काही छापील असण्याची या बायकांची ती पहिलीच वेळ होती. आईनं पासबुक पदरात गुंडाळून घरी आणलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. मी हसले तर माझ्यावर डोळे वटारले.

आठवड्याच्या आत बैलांचे पैसे त्या काचेच्या दाराआड गेले. निघताना मी म्हटलं होतं, बँकेत ठेवू. आई म्हणाली, "बँकीत कोण हाय आपलं?" तिचं खरंच होतं. बँकेत गेलं की साहेब मान वर करायचा नाही, शिपाई रांगेत मागं ढकलायचा. इथं मामानं खुर्ची दिली, चहा मागवला, "आक्का, थकलीस गं," म्हणाला. वर व्याज बँकेच्या जवळजवळ दुप्पट. सुरुवातीला दर महिन्याला व्याज आलंही. त्या कोरड्या वर्षात ऊस नव्हता, तोडणी नव्हती, तेव्हा त्या व्याजावर आमच्या घरात तेल-मीठ आलं. आई शेजारणींना सांगत सुटली. मामाला एजंट नेमावे लागले नाहीत. गावोगावच्या बहिणीच त्याच्यासाठी फुकट राबल्या.

आता मी बायकांना विचारते, "शेजारचा दुकानदार तीच साखर अर्ध्या भावात द्यायला लागला, तर तुम्ही काय म्हणाल?" बायका म्हणतात, साखरेत काहीतरी कालवलंय. "मग दुप्पट व्याज देणाऱ्याला का नाही असं म्हणत?" मग पुढचं मीच विचारते. तुमच्या पैशावर तो जे व्याज देतो, त्याच्याहून जास्त त्यानं कुठूनतरी कमवायला हवं ना? कुठून कमावतो? कुणाला कर्ज दिलंय? त्या कर्जदाराला विहीर खणायची आहे, की निवडणूक लढवायची आहे? आमच्या बैलांचे पैसे निवडणुकीत गेले, प्लॉटिंगमध्ये गेले आणि मामाच्या मेव्हण्याच्या खडी क्रशरमध्ये गेले. हे सगळं नंतर चौकशीत बाहेर आलं. तोवर सगळ्यांना वाटत होतं, पैसे काचेच्या दाराआड कपाटात ठेवलेत.

कुजबुज उन्हाळ्यात सुरू झाली. हायस्कूलच्या मास्तरांनी मुदत संपायच्या आत ठेव मोडली, व्याज बुडालं तरी पर्वा केली नाही. व्यापाऱ्यांनी गुपचूप पैसे काढून घेतले. आईच्या गावची एक मैत्रीण नांदूरघाटला दिलेली, मी तिला मावशी म्हणायचे. तिचा नवरा अपघातात गेला होता आणि त्याच्या पश्चात मिळालेली सगळी रक्कम तिनं मामाकडं ठेवली होती. ती घाबरून आमच्याकडं आली. म्हणाली, "आक्का, लोक काडायलेत. आपुन बी काडू."

आई तिच्यावरच चिडली. "कावून काडू? म्या राखी बांधलीया त्याला. त्याच्यावर वेळ आली आन् आपुनच जाऊन म्हनायचं, दे माजे पैशे, तुजा भरवसा न्हाई? भावाच्या दारात असं कोन जातं गं?"

मावशी परत गेली. त्या दोघीच नाहीत, बाकीच्या लेकीही अशाच बसून राहिल्या. ज्यांचं मामाशी काही नातं नव्हतं, त्या सगळ्यांचे पैसे वाचले. जिनं जिनं राखी बांधली, ती बुडाली. ओवाळणीत पासबुक घालण्यामागचा हिशेब मला तेव्हा कळला. बहीण भावाकडं ओवाळणी परत फिरवत नाही, पैसेही परत मागत नाही. असा ठेवीदार कुठल्या बँकेला मिळणार?

पावसाळ्याच्या तोंडावर काचेच्या दारापुढं लोखंडी शटर आलं. आणि त्या वर्षी पाऊस असा पडला, की आईला रडावं की हसावं कळेना. बैल घ्यायची वेळ आली होती आणि पैसे शटरच्या आत होते.

आम्ही मामाच्या घरी गेलो. त्यानं मामीला चहा टाकायला सांगितला. आईनं पैशाचं नाव काढायला अख्खा चहा संपवला. तो म्हणाला, "आक्का, पैसा कुटं पळून चाललाय? वसुली सुरू हाय. जरा दम धर. तुजा भाऊ मेलाय का?" दारात त्याची नवी पांढरी गाडी उभी होती. आई निघताना म्हणाली, "तब्येतीला जप दादा." मला तिथंच कपाळ फोडून घ्यावंसं वाटलं, माझं नाही, त्याचं.

पुढं प्रशासक आला, तारखा आल्या, ठेवीदारांच्या रांगा लागल्या. मामानं आधीच राजीनामा दिला होता, कागदावर तो कुठंच नव्हता.

त्या हंगामात आई डोकीवर गेली. मी त्यांच्याबरोबर फडात गेले होते, स्वयंपाकाला. पहिल्या दिवशी तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली, मोळी घेतली आणि फळीवर पाय ठेवला. बाजूनं तिच्या ओळखीची एक गाडीवाली बैल हाकत गेली. आईनं तोंड फिरवलं. मोळीच्या वजनानं मान वळत नाही, म्हणून ती अख्खीच वळली आणि फळीवर तिचा तोल गेला. पडली नाही. वर जाऊन मोळी टाकली, खाली आली, पुढची घेतली. तेव्हापासून तिची मान एका बाजूला धरलेली असते. थंडीत ती मान शेकते आणि मी तिकडं बघत नाही, कारण बघितलं की अख्खा दिवस वाया जातो.

सूड घ्यायचा तर कसा? त्याच्याकडं माणसं होती, पोलीस ओळखीचे होते. माझ्याकडं बारावीची मार्कशीट होती. गावात बायकांचे गट सुरू झाले, हिशेब लिहायला कुणीतरी हवं होतं. मी लिहायला बसले. प्रशिक्षणं असायची, तिथं इतर मुली पेंगायच्या, मी कान टवकारून ऐकायचे. प्रत्येक धड्यात मला मामा सापडत होता. बँकेतल्या ठेवीला ठरावीक रकमेपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे कळलं त्या दिवशी मी टेबलावर एवढ्या जोरात मूठ आपटली, की शिकवणाऱ्या बाई दचकल्या. हे एक वाक्य आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर!

मग मी सांगत सुटले. अगदी साध्या गोष्टी. मजुरी आली की आधी बाजूला काढायचे आणि राहिले त्यात घर चालवायचं, उलटं केलं की काही राहत नाही. आजारपणाचा पैसा वेगळा, तो कधीही हात घालता येईल असा. बाकीचे सगळे एका जागी ठेवायचे नाहीत. थोडे बँकेत, थोडे पोस्टात, शेळी परवडत असेल तर एक शेळी. सोनं घेतलं तर घडणावळ जाते हे लक्षात ठेवून घ्यायचं. पासबुकात व्याजाचं व्याज कसं वाढतं आणि तेवढ्यात बाजारातला भाव त्याच्या पुढं कसा पळतो. नावापुढं वारस लावायचा. आणि पैसे ठेवताना समोरचा तुमचा कोण लागतो, हे विसरायचं. हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढतो. मामाच्या गावच्या लेकी जिथं जिथं दिल्या होत्या, त्या प्रत्येक गावात मी जायचे. त्याचं नाव घ्यायची गरज नव्हती, बायका आपोआप ओळखायच्या. त्याच्या गावच्या पोरीनं पुन्हा कधी कुणा भावाला चार प्रश्न विचारल्याशिवाय रुपया देऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. त्याची पेरणी मला नासवायची होती.

काही वर्षांनी तो स्वतःच आमच्या दारात आला. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. नवी संस्था काढली होती, नाव नवं, चेअरमन मामी. माझ्याकडं बघून म्हणाला, "भाची लई मोटी झाली. गावोगाव बाया हिचं ऐकत्यात म्हनं." मग खरं बोलणं निघालं. गटांच्या साठलेल्या रकमा नव्या संस्थेत याव्यात. राखीपौर्णिमेला पहिल्यासारखाच कार्यक्रम करू, लेकींना तू गोळा कर. आणि आईकडं वळून म्हणाला, "आक्का, तुजे बैलाचे पैशे सगळ्यात आदी देतो. व्याजासगट. हिनं फकस्त बाया आनायच्या."

आई माझ्याकडं बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर असं काही मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आबा दारात बसले होते, तेही वळून बघायला लागले.

तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळत होतं. नव्या बायकांचे पैसे आले की त्यातले काढून त्यानं आईचे दिले असते. त्याच्यासाठी ती जाहिरात होती. बघा, आक्काचे मिळाले, तुमचेही मिळतील.

मी म्हटलं, "ठीक हाय मामा. आनते बाया."

तो गेल्यावर आई देवापुढं जाऊन बसली. नंतर मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला परत पाठवलं. म्हणाली, "औंदा डोकीवर न्हाई यायचो. जोडी घ्यायलोत." मी ऐकत होते. तिला सांगितलं असतं तर तिनं मला अडवलं असतं, मामाला तरी सावध केलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि तरी मी गप्प बसले. संधी एकदाच येते.

आषाढभर मी त्या गावच्या लेकींच्या घरी जात होते. पहिल्यांदा गेले ती नांदूरघाटच्या मावशीकडं.

राखीपौर्णिमेला पुन्हा जीपा भरून आल्या. मामा पुन्हा फेटा बांधून बसला, शेजारी मामी, टेबलावर नव्या पासबुकांची थप्पी. पाहुणे आले होते, फोटोवाला आला होता. आईला त्यानं सगळ्यांत पुढं बोलावलं. तिनं राखी बांधली, ओवाळलं, तिच्या ताटात पासबुक पडलं. मामानं माईक घेतला. "आक्काचा जुना सगळा पैसा याच आठवड्यात देनार. हा भावाचा शबूद हाय." टाळ्या झाल्या. आई पदरानं डोळे पुसत बाजूला झाली.

मग मावशी उठली. तिनं कुंकू लावलं, राखी बांधली, ओवाळलं. मामानं नवं पासबुक उचललं, तर मावशीनं ताट मागं घेतलं आणि निरांजनाशेजारी झाकून ठेवलेलं जुनं पासबुक काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. "भाऊ, नवं नगं. ह्याच्यातली ववाळनी ऱ्हायलीया अजून. ती घाला."

मामा हसला, म्हणाला, "ताई, ते काम सुरूच हाय..." तोवर दुसरी उभी राहिली. तिनंही राखी बांधली, ओवाळलं आणि जुनं पासबुक त्याच्या मांडीवर ठेवलं. मग तिसरी. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी शिवी दिली नाही. बहिणीचा मान मोडेल असं एकीनंही काही केलं नाही. एकेक येत होती, कपाळावर कुंकू चढवत होती आणि मांडीवर पासबुक. त्याला उठता येईना, ओवाळून घेताना भाऊ उठत नसतो. त्याचं मनगट राख्यांनी भरलं, कपाळ लाल झालं, पासबुकं घसरून जमिनीवर पडायला लागली. मामीनं थप्पी हळूच टेबलाखाली सरकवली. एका लेकीनं माईकवर विचारलं, "भाऊ, नव्या संस्थेत इमा हाय का? कर्ज कुनाला देनार, त्याची यादी लावनार का बाहेर?" हे प्रश्न मी शिकवलेले होते. पाहुण्यांनी आपापल्या गाड्या काढल्या.

मी खांबाला टेकून उभी होते. खोटं कशाला बोलू, आयुष्यात एवढं सुख मला कशातच मिळालं नाही. त्याच्या कपाळावरचा घाम कुंकवात मिसळून नाकावर ओघळत होता आणि तो तसाच राहावा असं मला वाटत होतं.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "आता आक्काला तूच दे बैल."

नव्या संस्थेत आमच्या भागातल्या एकाही गटाचा पैसा गेला नाही. दिवाळीच्या आत ऑफिसवरची पाटी उतरली, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. त्यानंतर मामा कुठल्याच गावात भाऊ म्हणून गेला नाही. हा माझा सूड. तो मी पुरेपूर घेतला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन.

आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हती. पोस्टातली माझी आरडी त्याच सुमारास पूर्ण झाली होती. माझं मानधन ते किती! मी पैसे तिच्यापुढं ठेवले आणि म्हटलं, "एका बैलाचे होतील."

ती म्हणाली, "येका बैलावर गाडी चालती व्हय?" आणि तिनं ते माझ्याकडं सरकवले.

दसरा झाला. तिनंच निरोप पाठवून मुकादमाला बोलावलं आणि उचल घेतली. उशीर झाल्यामुळं त्यानं कमी दिली. न्यायला ट्रक आला त्या सकाळी ती अंगणात भांडी पोत्यात भरत होती. मी म्हटलं, "आई, त्यानं तुला दिले असते ते मावशीसारख्या दुसऱ्या कुणाचेतरी असते. ती तशीच बुडाली असती."

तिनं हात थांबवला नाही. "दिले असते न्हवं पर?"

"दिले असते."

"मग झालं तर. दुसरीचं दुसरीनं बगितलं असतं. समद्या गावाच्या बाया वाचवल्यास, माजी मान न्हाई वाचवता आली तुला."

मला तिला खूप काही सांगता आलं असतं. गावोगाव तेच सांगते मी, तासभर, न अडखळता. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. आबा वर चढून हात खाली करून उभे होते. आईनं चुंबळीचं फडकं कमरेला खोचलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं, मान वळत नसल्यामुळं अख्खी वळून.

"तुजा सूड झाला न्हवं?" ती म्हणाली. "दे तो कोयता इकडं."

मी कोयता दिला.